काही नव्हतं, मॅडम

‘काही नव्हतं, मॅडम. कोड होते, उडवले.’

सर्व्हिस सेंटरमधला पोरगा एवढं एका दमात बोलला आणि त्याने किल्ली माझ्या हातात ठेवली. गाडी धुऊन, पुसून, चाकांना काळी पॉलिश मारून उभी होती. मीटरवरचा तो पिवळा इंजिनाचा दिवा विझलेला होता. कोड म्हणजे दोष दिसला की गाडीचा कॉम्प्युटर स्वतःशी करून ठेवतो त्या नोंदी, आणि उडवले म्हणजे त्या पुसल्या. मी खूश व्हायला हवं होतं. पण बाहेर पडून कापूरबावडीच्या गर्दीत शिरले तरी ते वाक्य डोक्यातून जाईना. काही नव्हतं, तर उडवलं काय? आणि उडवण्याजोगं काही होतं, तर ते आता गेलं कुठे? पोरगा वाईट नव्हता. अदबीने बोलला, पाणी विचारलं, बिलातले शे-दीडशे आपणहून कमी केले. त्याच्यामागे गाड्यांची रांग होती, आणि भिंतीवर फळा होता, आज किती गाड्या बाहेर काढायच्या त्याचा. ते सगळं दिसत होतं. तरी खुपत होतं.

त्रास सुरू झाला तो पहिल्या मोठ्या पावसात. बहिणीकडे कासारवडवलीला निघाले होते. घोडबंदर रोडचं वर्णन ठाणेकरांना काय सांगायचं! मेट्रोचे खांब, पत्रे, सर्व्हिस रोडवरून मध्येच घुसणाऱ्या रिक्षा, आणि पाण्याखालचा खड्डा किती खोल आहे ते पुढच्या गाडीच्या उडीवरून ओळखायचं. वायपर फुल स्पीडवर, हेडलाइट लावलेले, काचांवरची वाफ जावी म्हणून एसी, ब्लोअर आणि मागच्या काचेचा हीटर चालू. मानपाड्याच्या सिग्नलला थांबले, सुटले, आणि गाडीने असा हिसका दिला की शेजारच्या सीटवरची पर्स खाली. मग ती सुस्तच झाली. पाय दाबला तरी उचल घेईना, गिअर दाखवणारा आकडा जागचा हलेना, आणि त्याच्या बाजूला तो पिवळा दिवा. एकाच गिअरमध्ये अडकून बसली होती. मागचे हॉर्न वाजवत होते, पुढून पाणी उडत होतं, आणि माझ्या तळहातांना घाम. कशीबशी पेट्रोल पंपावर घेतली, बंद केली, जरा वेळाने देवाचं नाव घेऊन पुन्हा चालू केली. काही घडलंच नाही अशा थाटात चालली. दिवा तेवढा राहिला.

पुढे हे ठरूनच गेलं. पाऊस असला की कधीतरी हिसका, उघडीप असली की गाडी शहाणी. सर्व्हिस सेंटरला नेईपर्यंत ऊन पडलेलं असायचं. स्कॅनर लागायचा, कोड निघायचे, उडवले जायचे, पुढच्या एखाद्या सरीला परत हजर. शेवटी ‘टीसीएम बदलून बघू’ इथवर गोष्ट आली. टीसीएम म्हणजे गिअरबॉक्सचा कॉम्प्युटर, आणि त्याच्या किमतीचा कागद पाहून आमच्या घरात शांतता पसरली. हे म्हणाले, ‘विकून टाक. रिक्षाने फिरू.’ ह्यांना रिक्षाची हौस टीव्हीसमोर बसून येते. तीन पेट्रोल पंपापाशी उभं राहून ‘नाही जाणार’ ऐकणाऱ्याला ती येत नाही. माझे गुडघे गेले, म्हणून तर बिनक्लचची गाडी घेतली.

माझी सगळी नोकरी टेलिफोनमध्ये गेली, आणि त्यातली बरीचशी फॉल्ट कंट्रोलमध्ये, टेस्ट डेस्कवर. लोक १९८ ला तक्रार नोंदवायचे, तिचं डॉकेट, म्हणजे तक्रारीची चिठ्ठी, आमच्याकडे यायचं, आणि आम्ही कानाला हेडसेट लावून एक्स्चेंजमधूनच ती लाइन तपासायचो. लूप किती, इन्सुलेशन किती, कुठे जमिनीला लागली आहे का. पावसाळ्यात नुसता ढीग. जमिनीखालच्या जुन्या केबलींत तारांवर कागदाचं वेष्टण असायचं. वरचं आवरण कुठे फुटलं, जॉइंटमधून पाणी शिरलं, की कागद भिजायचा आणि शेजारशेजारच्या जोड्या एकमेकींत मिसळायच्या. खरखर, परक्याचं बोलणं, मध्येच लाइन डेड. पण तपासायला घ्यावी तोवर दोन दिवस ऊन पडलेलं, कागद वाळलेला, मीटरची सुई जागेवर. मग शेरा पडायचा, ‘टेस्टला ठीक’. तक्रार बंद. ग्राहक पुन्हा ओरडला की ती नवी तक्रार, नवा नंबर, आधीच्या तक्रारीशी तिचं काही नातं नाही.

खोटं कुणीच लिहीत नव्हतं. तपासली तेव्हा ती लाइन ठीकच होती.

आमच्याकडे एक केबल जॉइंटर होते, निवृत्तीला आलेले, कमी बोलणारे. त्यांच्या खिशात एक छोटी डायरी असायची. बंद झालेल्या तक्रारींचे पेअर नंबर, म्हणजे केबलीतल्या तारांच्या जोडीचे क्रमांक, ते तिच्यात उतरवून ठेवायचे. पिलर, म्हणजे रस्त्याकडेची केबलींची पेटी, कुठला, तिथून घरांकडे लाइनी वाटणारी डीपी कुठली, पाऊस होता की नव्हता. ऑगस्ट येईपर्यंत डायरीतलं एखादं पान भरून जायचं, मग ते साहेबांकडे जाऊन म्हणायचे, इथे खणा. बहुतेकदा तिथेच निघायचं. त्यांच्याकडे आमच्याहून चांगलं मीटर नव्हतं. बाकीच्यांनी बंद केलेल्या तक्रारी त्यांनी बंद केल्या नव्हत्या, एवढंच. आता त्या केबली गेल्या, फायबर आलं, डॉकेटं रद्दीत गेली असतील. ती डायरी कुणाच्या घरी असेल का, असा विचार मला त्या दिवशी कापूरबावडीच्या सिग्नलला पहिल्यांदा आला.

मुलगा ऐरोलीला कॉम्प्युटरच्या कंपनीत आहे. त्याने ऑनलाइन एक डोंगल मागवून दिलं, मुठीत मावेल एवढं. स्टीअरिंगच्या खाली, आपल्या गुडघ्यांपाशी, सोळा पिनांचं एक सॉकेट असतं. त्यात ते खोचायचं, ब्लूटूथने फोनला जोडायचं, की गाडीच्या पोटातले कोड फोनवर दिसतात. त्याच्या मते माझा प्रश्न तिथेच संपला. ‘आई, दिवा लागला की क्लिअर दाब आणि जा.’ ते बटण मोठं मोहात पाडणारं आहे, खोटं कशाला बोलू. लाल अक्षरांतली यादी, एक बोट, आणि पाटी कोरी. सकाळी देवघर पुसून झाल्यावर वाटतं तसं स्वच्छ वाटतं. गाडीत काही दुरुस्त झालेलं नसतं, तरी मनातलं काहीतरी जागेवर बसतं. त्या सर्व्हिस सेंटरच्या पोरालाही हेच वाटत असणार, दिवसातून कितीदा तरी.

पण बटणाच्या आधी यादी होती, आणि यादी वाचायची मला सवय.

या कोडांचं व्याकरण फार अवघड नाही. पहिलं अक्षर खातं सांगतं. पी म्हणजे इंजिन आणि गिअरबॉक्स, सी म्हणजे ब्रेक-स्टीअरिंगसारखा चेसिसचा भाग, बी म्हणजे बॉडी, आणि यू म्हणजे गाडीतल्या कॉम्प्युटरांचं आपापसातलं दळणवळण. पुढचा आकडा शून्य असला तर कोड सहसा सगळ्या कंपन्यांना समान, एक असला तर त्या कंपनीच्या घरचा. त्याच्या पुढच्या आकड्यात तीन म्हणजे ठिणगी आणि मिसफायर, म्हणजे सिलिंडरमध्ये पेट्रोल नीट न पेटणं, सात म्हणजे गिअरबॉक्स. माझ्या यादीत पी ०७००, पी ०३००, यू ०१०१ आणि अगदी तळाला पी ०५६२. सर्व्हिस सेंटरच्या कागदावर पहिलाच तेवढा ठळक केलेला होता. पी ०७००, ट्रान्समिशन कंट्रोल सिस्टिम! वाचूनच माणूस खिसा चाचपतो. प्रत्यक्षात त्या कोडला स्वतःचं असं काही सांगायचंच नसतं. गिअरबॉक्सच्या कॉम्प्युटरने इंजिनाच्या कॉम्प्युटरला कळवलेलं असतं की माझ्याकडे काहीतरी नोंद आहे, तू दिवा लाव. ती नोंद काय आहे हे बघायला गिअरबॉक्सच्याच दारात जावं लागतं, आणि स्वस्तातलं डोंगल पुष्कळदा तिथवर पोचत नाही. यू ०१०१ म्हणजे त्या गिअरबॉक्सच्या कॉम्प्युटरशी संपर्क तुटला. पी ०३०० म्हणजे इंजिन मिसिंग करतंय, पण एका सिलिंडरवर बोट ठेवता येत नाही. आणि पी ०५६२ म्हणजे व्होल्टेज कमी पडतंय. चारही एकाच दिवशी, एकाच वेळेला. टेस्ट डेस्कवर एकाच पिलरच्या चार तक्रारी एकदम आल्या तर आम्ही चार घरांतले फोन बदलत नव्हतो.

यातल्या पी ०३०० ने मला एक रात्र जागवलं, काळजीने नव्हे, कुतूहलाने. मिसफायर झाला हे गाडीला कळतं कसं? ठिणगी पडली की नाही हे आत डोकावून कुणी बघत नाही. क्रँकशाफ्ट म्हणजे इंजिनाचा मुख्य फिरता दांडा, त्याच्याबरोबर फिरणाऱ्या दातेरी चाकापाशी एक सेन्सर बसलेला असतो. एखाद्या सिलिंडरने काम चुकवलं की तेवढ्यापुरता शाफ्ट किंचित मंदावतो, आणि त्या मंदावण्यावरून हिशेब होतो. आता घोडबंदरच्या खड्ड्यांतून जाताना चाकांना बसणारे दणके उलटे इंजिनापर्यंत पोचतात आणि शाफ्ट तसाच अडखळतो. गाडी बनवणाऱ्यांना हे ठाऊक आहे. म्हणून बऱ्याच गाड्यांत, एबीएसच्या, म्हणजे ब्रेक दाबल्यावर चाक जाम होऊ न देणाऱ्या यंत्रणेच्या, चाकांवरच्या सेन्सरांनी रस्ता खराब असल्याचं सांगितलं की मिसफायरची मोजणी तेवढा वेळ बाजूला ठेवतात. वाचून मला इतकं बरं वाटलं! रस्त्याचा दोष इंजिनाच्या माथी मारू नये, एवढा विचार जगात कुणीतरी बसून केला आहे. आपल्याकडे तो दोष अजून कुणी स्वतःकडे घेतलेला नाही, ती गोष्ट वेगळी.

मुळात हा दिवा आपल्या सोयीसाठी जन्मलाच नाही. लॉस एंजलिसच्या धुरकट हवेला कंटाळून कॅलिफोर्नियाने नियम करायला घेतले, आणि १९९६ पासून अमेरिकेतल्या प्रत्येक नव्या कारला ही एकसारखी पद्धत आणि तेच सोळा पिनांचं सॉकेट सक्तीचं झालं. आपल्याकडे २०१० मध्ये पहिला टप्पा आला, २०१३ मध्ये दुसरा. सायलेन्सरमधून ठरल्यापेक्षा जास्त घाण बाहेर पडेल अशी शंका आली की दिवा लावायचा, हे त्याचं मूळ काम. मी कासारवडवलीला पोचेन की नाही, हा त्याचा विषय नाही. तो स्थिर असेल तर सवडीने बघा म्हणतो. लुकलुकायला लागला तर मात्र पाय उचलावा, कारण न जळलेलं पेट्रोल धूर साफ करणाऱ्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जाऊन तिथे जळत असतं, आणि तो भाग महाग आहे. तसे अमेरिकेत काही कोड आता स्कॅनरने पुसताच येत नाहीत. दोष खरोखर गेला अशी गाडीची स्वतःची खात्री झाली की गाडीच ते काढते. हे वाचताना मला एकदम त्या जॉइंटरसाहेबांचा खिसा आठवला.

आणि कोडबरोबर आणखी एक गोष्ट पुसली जाते, त्याबद्दल काउंटरवर कुणी बोलत नाही. कोड नोंदला जातो त्या क्षणी गाडी आजूबाजूची परिस्थितीही टिपून ठेवते. वेग किती होता, इंजिन किती फिरत होतं, इंजिनाचं पाणी किती तापलेलं, भार किती. फ्रीझ फ्रेम म्हणतात तिला. मधूनच येणाऱ्या आणि मागाहून ठीकठाक दिसणाऱ्या दोषाला तेवढाच एक साक्षीदार. उडवा म्हटलं की साक्षीदारही उडतो.

आमच्या सोसायटीतल्या एका गृहस्थांच्या गाडीला पी ०१७१ यायचा. म्हणजे मिश्रणात हवा जास्त, पेट्रोल कमी. गॅरेजवाल्याने ऑक्सिजन सेन्सर बदलला. कोड परत आला. दुसरा, आणखी महागाचा बसवला. परत आला. शेवटी एअर फिल्टरकडून इंजिनाकडे जाणाऱ्या रबरी नळीच्या घडीत बोटभर चीर निघाली, तिथून हवा आत ओढली जात होती. सेन्सर पहिल्या दिवसापासून खरं सांगत होता की हवा जास्त आहे. बातमी आणणाऱ्यालाच दोनदा कामावरून काढलं. हे गृहस्थ अजूनही लिफ्टमध्ये भेटले की ‘सेन्सरच वाईट निघतात हल्ली’ असंच म्हणतात.

तर मी क्लिअर दाबणं थांबवलं आणि एक वही केली. दिवा लागला की तारीख, जागा, पाऊस, काय काय चालू होतं, आणि फोनवर दिसेल ते सगळं. वही घेऊन मी वागळे इस्टेटीत गेले. एमआयडीसीची सुरुवात १९६२ साली याच वागळे इस्टेटीत झाली. आता पुढच्या बाजूला काचेच्या इमारती आहेत, पण मागच्या गल्ल्यांत अजून लेथ फिरतात, वेल्डिंगचा तो जळका-गोडसर वास येतो, आणि पत्र्यावर पाऊस वाजायला लागला की माणसं एकमेकांशी खुणांनी बोलतात. अशाच एका पत्र्याखाली एक वायरमन बसतो. पाटीवर ‘वायरिंग, एसी, स्कॅनिंग’ एवढंच. माझ्या मुलाच्या वयाचा असेल, मला काकू म्हणतो.

त्याने आधी स्कॅनर लावलाच नाही. चहा सांगितला आणि विचारायला बसला. पावसातच होतं का? पाणी उडाल्यावर की नुसती भुरभुर असतानाही? गाडी गरम असते की सकाळची पहिली? थांबून सुटताना की पळताना? हेडलाइट मंद झाल्यासारखे वाटले कधी? बॅटरी कधी बदलली, कुणी बदलली? मी वही पुढे केली. तेलकट बोट कागदाला लागू नये म्हणून त्याने करंगळीने पानं उलटली, आणि एका नोंदीवर थांबला. उपवनहून परत येतानाची होती. जुलैतली उघडीप, रात्र, रस्ता कोरडा. ‘ही नोंद पावसाची नाही, काकू.’ नव्हती खरी. पण हेडलाइट होते, एसी होता, येऊरच्या बाजूने आलेल्या दमट हवेने काच धुरकटली म्हणून मागचा हीटरही चालू होता.

मग त्याने बॉनेट उघडलं. पहिल्यांदा टॉर्च मारून उंदीर-घुशींचा कारभार पाहिला. पावसाळ्यात बिळांत पाणी शिरलं की ते ऊब शोधत इंजिनाशी येतात आणि वायरी कुरतडतात, हे ठाण्यात ज्याची गाडी तळमजल्यावर उभी राहते त्याला सांगायला नको. माझ्या बॉनेटमध्ये तंबाखूच्या पुड्या निघाल्या. ह्यांनी ठेवलेल्या, उंदरांना वास चालत नाही म्हणे. वायरमनने त्या उचलून बाजूला ठेवल्या आणि काही बोलला नाही. सभ्य माणूस.

त्याचा स्कॅनर मोठा, गिअरबॉक्सच्या दारापर्यंत जाणारा. तिथली नोंदही व्होल्टेजचीच होती. आणि फ्रीझ फ्रेममध्ये, इंजिन चालू, वेग ताशी १२ किलोमीटर, पाणी ९१ अंश, आणि कॉम्प्युटरला मिळणारं व्होल्टेज ११ च्याही खाली. ‘चालू गाडीत किती हवं, काकू?’ चौदाच्या आसपास. ‘मग अल्टरनेटर?’ मी विचारलं. इंजिन चालू असताना वीज बनवतो तो. त्याने बॅटरीवर मीटर ठेवून दाखवलं, १४.१. अल्टरनेटर ठणठणीत, बॅटरी ठणठणीत. म्हणजे बॅटरीपासून कॉम्प्युटरपर्यंतच्या वाटेत तीन-एक व्होल्ट कुठेतरी खाल्ले जात होते, आणि तेही सदासर्वकाळ नाही.

त्याने मीटरची एक पिन बॅटरीच्या निगेटिव्ह टर्मिनलवर टेकवली, दुसरी बॉडीच्या उघड्या बोल्टवर. दोन्ही टोकं विजेच्या दृष्टीने एकच असायला हवीत. जोडणी चांगली असेल तर तिथे फार तर दशांश एक-दोन व्होल्ट दिसावेत. सगळं बंद असताना तसंच दिसत होतं. ‘आता लाइट लावा.’ आकडा हलला. ‘ब्लोअर फुल.’ आणखी हलला. ‘मागचा हीटर.’ मीटर १.९ वर गेलं. मग त्याने गाडीच्या नाकाला दोन्ही हात लावून ती वरखाली हलवली, घोडबंदरवर हलते तशी, आणि आकडा अडीचच्या पुढे उड्या मारायला लागला. शेडमध्ये माझ्याखेरीज कुणालाच त्याचं काही वाटलं नाही. मला मात्र जुन्या डेस्कवर बसल्यासारखं झालं. सुई हलताना पकडण्यातला तो आनंद मी किती वर्षांनी अनुभवत होते.

बॅटरीचा ट्रे काढल्यावर खाली दोष निघाला. गिअरबॉक्सवरून बॉडीला जाणारी विणलेली तांब्याची पट्टी, बॉडी अर्थ. बोल्टखाली हिरवी-पांढरी पूड, आणि पट्टी वाकवली तर तिच्या तारा कडकड तुटून हातात आल्या. बॅटरीची वाफ, खाडीची खारी हवा, वर्षानुवर्षांची थरथर. नुसता ओहमवर, म्हणजे रोध मोजून, तपास केला असता तर ही पट्टी पास झाली असती, तो म्हणाला. मीटर जेमतेम करंट सोडतं, त्याला दोन-चार तारांची वाट पुरते. पंचवीस-तीस अँपिअर मागितले की वाट अपुरी पडते. म्हणून तपासणी भार टाकूनच करायची.

मला खटकलं ते वेगळंच. इतके दिवस मी पाणी शोधत होते. कुठल्या कपलरमध्ये शिरलं असेल, कुठली वायर भिजत असेल. नोकरीभर ओल्या केबलींशी झगडलेल्या माणसाला पाऊस म्हटल्यावर दुसरं काय सुचणार? आणि इथे पाण्याचा थेट संबंधच नव्हता. पावसात आपण लाइट, वायपर, ब्लोअर, हीटर सगळं एकदम लावतो आणि खड्ड्यांतून जातो, एवढाच पावसाचा वाटा. सगळा करंट त्या चार तारांतून परत जाऊ बघायचा, व्होल्टेज पडायचं, गिअरबॉक्सचा कॉम्प्युटर क्षणभर बेशुद्ध व्हायचा, इंजिनाचा कॉम्प्युटर त्याला हाका मारून थकला की यू ०१०१ लिहायचा, इग्निशन कॉइलना पुरेसा जोर मिळाला नाही की मिसिंग. टेलिफोनमध्ये आम्ही उलटं करायचो, बॅटरीचं धन टोक जमिनीला आणि लाइनवर उणे ४८ व्होल्ट, म्हणजे ओल्या जागी तांबं कमी खाल्लं जावं. मी हे त्याला सांगितलं. त्याने पाना थांबवून ऐकलं आणि म्हणाला, ‘गाडीत पण करायला पाहिजे होतं.’ त्यावर आमची थोडी चर्चा झाली, जिचा माझ्या गाडीशी संबंध नव्हता.

नवी पट्टी काही शेकड्यांत आली. बॉडीचा रंग खरवडून चकचकीत लोखंड काढलं, बोल्ट आवळला, वरून ग्रीस. सगळं चालू करून पुन्हा मीटर, ०.०६. टीसीएमच्या कोटेशनचा कागद मी पर्समधून काढून त्याला दाखवला. तो हसला नाही. ‘त्यांच्याकडे असं खाली बसून शोधायला वेळच देत नाहीत, काकू. मी तिथेच होतो चार वर्षं.’ माझा त्या अदबशीर पोरावरचा उरलासुरला राग तिथे मावळला, आणि त्या जागी आलं ते रागाहून जास्त अस्वस्थ करणारं होतं. टार्गेट घेऊन बसलेली माझ्या डेस्कवरची पोरं मला आठवली. ‘टेस्टला ठीक’ लिहिणारा हात आळशी असतोच असं नाही.

‘आता कोड उडवू?’ त्याने विचारलं. मी नको म्हटलं. दोष गेला असेल तर लागोपाठ तीन प्रवासांत तो पुन्हा दिसला नाही की दिवा आपोआप विझतो. आतली नोंद मात्र आणखी राहते, इंजिन चाळीस वेळा गार होऊन पुरतं तापेपर्यंत. पुरतं म्हणजे, पाणी निदान २२ अंशांनी चढून ७१ च्या पुढे गेलं पाहिजे. नौपाड्यातल्या नौपाड्यात भाजी आणायला गेलं तर ते धरत नाहीत. विसरायलाही गाडीने एवढे नियम लावून घेतले आहेत, हे मला आवडलं. दिवा विझला. नोंद किती तरी दिवस राहिली, मी अधूनमधून डोंगल लावून तिला भेटून यायचे. हे विचारायचे, ‘अजून आहे?’ जणू पाहुणीच. दसऱ्यानंतर कधीतरी यादी रिकामी दिसली.

जानेवारीत नाशिकला भाच्याचा साखरपुडा होता. पहाटे निघालो, कसारा घाट चढलो, इगतपुरीच्या पुढे हवा अशी बोचरी की खिडकी उघडवेना. चहाला थांबलो तेव्हा सवयीने फोन पाहिला. पी ०१२८, पेंडिंग. म्हणजे दिवा लागलेला नाही, पण गाडीला शंका आहे की इंजिन हवं तेवढं तापत नाही. पाणी ६८ दाखवत होतं. हे म्हणाले, ‘गार आहे तर चांगलंच ना.’ मी वायरमनला फोन लावला. तो म्हणाला, सेन्सर खोटं बोलतोय की पाणी खरंच गार आहे ते आधी ठरवा. रात्रभर गाडी उभी राहू दे, सकाळी चालू करायच्या आधी नुसती किल्ली फिरवा आणि दोन आकडे बघा, पाण्याचं तापमान आणि आत येणाऱ्या हवेचं. दुसऱ्या दिवशी सगळे झोपलेले असताना शाल गुंडाळून खाली गेले. पाणी १२, हवा १३. सेन्सर खरा.

‘मग थर्मोस्टॅट उघडा अडकलाय,’ वायरमन म्हणाला. इंजिन तापेपर्यंत पाणी रोखून धरणारी झडप ती. ‘इंजिनाला धोका नाही, पेट्रोल थोडं जास्त खाईल. सावकाश या. मी पार्ट मागवतो, गास्केट वेगळं घ्यावं लागेल, आणि कूलंट नवीन. येताना चिवडा आणा, काकू, तिखट वाला.’